समुद्रातले नळीकर : प्रस्तावना

शेतातलं गांडूळ आणि डबक्यातली जळू ही दोघं समुद्रात नळ्या बांधून बसणाऱ्या प्राण्यांच्या भावकीतली आहेत, असं पन्नास वर्षांपूर्वी कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर परीक्षकाने लाल शाईने फुली मारली असती. वलयी प्राण्यांच्या संघाचे तीन वर्ग तेव्हा ठरलेले होते: समुद्रातले पॉलिकीट, गांडुळं आणि जळवा. तिघांचे उंबरे वेगळे. आज जनुकांच्या तुलनेतून जो वंशवृक्ष उभा राहिला आहे त्यात गांडूळ आणि जळू पॉलिकीटांच्या आतच, तेही त्यांच्या ‘बैठ्या’ शाखेत बसतात. लांब शुंडकांनी चिखल चाचपणारे टेरेबेलिड आणि पाण्यात पिसारा उघडणारे सॅबेलिड हे त्यांचे शाखाबंधू. हा उलटफेर कसा झाला ते सांगायचं तर नळीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण अडीचशे वर्षांच्या या वर्गीकरणात नळीने जितकी वाट दाखवली तितकीच वाट चुकवलीही.

या पुस्तकापुरतं मी या प्राण्यांना नळीकर म्हणणार आहे. शास्त्रीय वाङ्मयात असा एक गट नाही, हे पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं बरं. पॉलिकीटांच्या नोंदलेल्या जाती बारा हजारांच्या आसपास आहेत. त्यांतल्या नळीत राहणाऱ्या किती, याला नेमकं उत्तर देता येत नाही. कुणी आयुष्यभर एकाच चुन्याच्या नळीत राहतो, कुणी भरतीपुरती चिकट द्रावाची नळी विणून ओहोटीला ती टाकून देतो, कुणी आपली नळी पाठीवर घेऊन हिंडतो. नळी बांधणं हा धंदा अनेक घराण्यांनी आपापल्या सोयीने पत्करलेला आहे आणि प्रत्येकाचा माल वेगळा: चुना, वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे, चर्मपत्रासारखा चिवट पापुद्रा, नाहीतर नुसती जेली.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या वाळूमिश्रित चिखलाच्या किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला थोडं खाली उतरलं, की यांतला एक प्रकार सहज भेटतो. वाळूतून बोटभर उंचीचा, करंगळीहून बारीक, मळकट नळा वर आलेला असतो आणि त्यावर शिंपल्यांचे तुकडे, काटक्या, शेवाळाचे धागे चिकटवलेले असतात. जवळ बसून पाहिलं तर तुकडे लावण्यात एक रीत दिसते. शिंपल्याची कपची सपाट चिकटवलेली नसते. तिची एक कड नळीला जोडलेली आणि दुसरी पाण्यात मोकळी असते, त्यामुळे नळीभोवती खाचाखोचा तयार होतात आणि वाहत्या पाण्यातला बारीक जीव, शेवाळ, कचरा तिथे अडकतो. नळीचं तोंड वरून खाली वळलेलं असतं. हा डायोपॅट्रा. हात लावलात तर तो क्षणात खाली जातो, आणि नळी वाळूत पुष्कळ खोल गेलेली असल्याने उपटून हाती लागतो तो रिकामा तुकडा. आतल्या प्राण्याला मजबूत जबडे आहेत, डोक्यावर स्पर्शक आहेत, बाजूला झुपकेदार कल्ले आहेत. नळीबाहेर अर्धं अंग काढून तो आपल्याच नळीवर अडकलेलं खाद्य खुडतो. वंशावळीत मात्र तो ‘बैठ्या’ शाखेच्या समोरच्या, ‘भटक्या’ शाखेतला आहे. नळीत राहणारा भटक्या आणि नळीशिवाय शेतात राहणारा बैठा, असा हा मामला आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

लिनेयसने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती काढली तेव्हा कणा नसलेले आणि कीटकांत न बसणारे झाडून सगळे प्राणी त्याने ‘वर्मेस’ नावाच्या एका कोठीत टाकले. त्या कोठीतही कप्पे होते. गांडूळ एका कप्प्यात, तर खडकावर चुन्याची वळणदार नळी बांधणारा सर्पुला शिंपले-गोगलगायींच्या कप्प्यात. का, तर त्याला कवच आहे. त्याच कप्प्यात टेरेडोही होता. लाकूड पोखरून आत चुन्याचं अस्तर लावणारा हा प्राणी खरोखरच शिंपल्यांच्या जातकुळीचा आहे, म्हणजे तिथे लिनेयसचा नेम बरोबर लागला. सर्पुलाच्या बाबतीत तो चुकला. कारण दोन्ही वेळा एकच होतं, घर पाहून घरमालक ठरवणं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. संग्रहात त्याच्यासमोर येत ती बहुधा वाळलेली नळी, आतला प्राणी केव्हाच कुजून गेलेला.

ही चूक अठराव्या शतकाबरोबर संपली असं मात्र नाही. व्हर्मेटिड नावाच्या गोगलगायी खडकाला चिकटून वेड्यावाकड्या नळ्या बांधतात आणि त्यांना सर्पुलिड, म्हणजे सर्पुलाच्या कुलातले, समजण्याचा मोह आजही होतो. नळी मोडून पाहिली तर गोगलगायीच्या कवचाचे थर आणि आतली चकाकी दिसते, सर्पुलिडच्या नळीत ती नसते. जीवाश्मांच्या बाबतीत तर मोठीच फसगत झाली. स्पायरोर्बिस हा काही मिलिमीटरचा नळीकर शेवाळावर चुन्याचं बारीक वेटोळं बांधतो. तशीच वेटोळी ऑर्डोव्हिशियन काळाच्या अखेरीपासून मध्य ज्युरासिकपर्यंतच्या खडकांत सापडतात आणि कित्येक दशकं ती बिनदिक्कत स्पायरोर्बिस म्हणूनच नोंदली जात होती. सूक्ष्मदर्शकाखाली कवचाची घडण तपासल्यावर कळलं की ती वलयी प्राण्यांची नव्हेतच. मायक्रोकाँकिड हा वेगळाच, नामशेष झालेला गट, आणि त्याचं नातं ब्रॅकिओपॉडसारख्या शुंडकधारी प्राण्यांशी जास्त जवळचं. कोट्यवधी वर्षांचा इतिहास एका वेटोळ्याच्या आकारावरून चुकीच्या खात्यावर जमा झाला होता. फोरोनिड हे आणखी एक कोडं. नळीत राहतात, पिसारा काढतात, पण आतडं यू आकारात वळून पुन्हा वर येतं आणि अंगावर वलयंही नाहीत, वलयी प्राण्यांसारखे ताठ केस म्हणजे दृढरोमही नाहीत. त्यांचा संघच निराळा. त्यांच्यातला एक तर नळी बांधणाऱ्या समुद्रफुलाच्या नळीच्या भिंतीत आपली नळी खुपसून राहतो.

घराकडून प्राण्याकडे नजर वळवण्याचं श्रेय मुख्यतः फ्रेंचांचं. लामार्कने १८०२ साली ‘ॲनेलिड’ हे नाव दिलं. क्युव्हिएने कल्ले कुठे आहेत यावर भर देऊन गट पाडले, तरी त्यांतल्या एकाचं नाव ‘नळीवासी’ असंच राहिलं. जर्मन ग्रूबेने १८५० साली पॉलिकीटा हे नाव रूढ केलं आणि कात्रफाज यांनी १८६६ साली भटके आणि बैठे, एरंशिया आणि सेडेंटारिया, अशी फाळणी केली. पुढची शंभर वर्षं पाठ्यपुस्तकं त्याच फाळणीवर चालली. पिएर फोव्हेल यांनी फ्रान्सच्या पॉलिकीटांवरचे आपले दोन जाडजूड ग्रंथ १९२३ आणि १९२७ साली काढले तेही एक भटक्यांचा, एक बैठ्यांचा असेच. फाळणी सोयीची होती, पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अभ्यासकांना ती टोचू लागली. डायोपॅट्रासारखे नळीतले भटके आणि वाळूत मोकळे फिरणारे बैठे यांचं काय करायचं? १९७७ साली क्रिस्टियन फाउखाल्ड यांनी सगळ्या कुलांच्या ओळख-किल्ल्या एकत्र केल्या तेव्हा त्यांनी ही फाळणी सरळ बाजूला ठेवली. राहणीवरून नातं ठरत नाही, हा तेव्हाचा सूर होता आणि मुद्दा म्हणून तो योग्यच होता.

तरीही राहणी शरीरावर इतका खोल ठसा उमटवते की तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एका टोकाला बंद असलेल्या अरुंद नळीत डोकं वर करून राहायचं, तर पहिली अडचण फार साधी आहे. विष्ठेचं काय? गुदद्वार नळीच्या तळाशी, बाहेर पडायचा रस्ता वर, तोंडाजवळ. सॅबेलिड आणि सर्पुलिड यांनी यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. गुदद्वारापासून एक खाच पोटाच्या बाजूने, मधोमध, पुढे येते. तिच्यात सूक्ष्म रोमक सतत वल्ह्यांचं काम करतात आणि चिकट द्रावात गुंडाळलेली विष्ठा वर ढकलली जाते. छातीच्या भागाशी येताच ही खाच कूस बदलते, पोटाकडून पाठीकडे जाते आणि पिसाऱ्याच्या पायथ्याशी आपला माल बाहेर सोडते, तोही पिसाऱ्यातून निघणाऱ्या झोताच्या वाटेवर, म्हणजे तोंडात परत येणार नाही अशा बेताने.

गंमत पुढेच आहे. या प्राण्यांच्या प्रत्येक वलयावर दोन तऱ्हेचे दृढरोम असतात: लांब, टोकदार केसांसारखे आणि आखूड, आकडेबाज. आकडे नळीच्या भिंतीला धरून ठेवायला, केस रेटा द्यायला. छातीवर केस पाठीकडे आणि आकडे पोटाकडे असतात. जिथे खाच कूस बदलते त्याच सीमेवर हा क्रम उलटा होतो आणि मागच्या भागात आकडे पाठीकडे जातात, केस पोटाकडे येतात. संग्रहालयातला शंभर वर्षांपूर्वीचा, रंग उडालेला, पिसारा तुटलेला नमुना हाती आला तरी ही उलटापालट भिंगाखाली दिसली की कूळ ओळखता येतं. नळीने घडवलेली खूण नळी हरवल्यावरही अंगावर राहते ती अशी. मला विचाराल तर या संपूर्ण विषयातलं हे सगळ्यात देखणं शरीरशास्त्र आहे, आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत त्याला बहुधा एक ओळ मिळते.

बांधकामाच्या तऱ्हा पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे चवीपुरत्या. सॅबेला आपल्या पिसाऱ्याने पाण्यातले कण धरतो आणि पिसाऱ्याच्या पायथ्याशी त्यांची तीन आकारांत निवड होते. बारीक कण तोंडात, फार मोठे बाहेर, मधले मात्र तोंडाखालच्या दोन थैल्यांत साठवले जातात. तिथे ते चिकट द्रावात कालवून त्यांची दोरी वळली जाते आणि प्राणी नळीत सावकाश गोल फिरत, पिसाऱ्याखालच्या गळपट्टीच्या दोन घड्यांनी ती दोरी काठावर बसवत जातो. खाणं आणि बांधणं एकाच चाळणीवर चालतं. ओवेनिया शिंपल्यांचे चपटे कण कोकणातल्या घरावर कौलं चढवावीत तसे एकावर एक चढवतो, त्यामुळे नळी वाकते, पण सांधे उघडे पडत नाहीत. पेक्टिनारिया एकेरी थराची, शंकूच्या आकाराची वाळूची नळी बांधतो. प्रत्येक कण फिरवून, उलटापालटा करून, शेजारच्या कणांच्या मधल्या फटीत बसेल असा निवडतो आणि बसत नसेल तर टाकून देतो. ती भिंगाखाली पाहिली की गवंड्याचा हात कळतो. सर्पुलिडांचा चुना त्यांच्या गळपट्टीखालच्या ग्रंथींतून येतो. काठावर ओला थर चढतो आणि गळपट्टीच त्याला आकार देते. सॅबेलारियांना वाळू चिकटवायला लागतो तो खाऱ्या पाण्याखाली घट्ट होणारा डिंक. असा डिंक माणसाला अजून नीट जमलेला नसल्याने अमेरिकेत संशोधक मोडलेली हाडं जोडण्याच्या आशेने या प्राण्यांच्या मागे लागले आहेत. सॅबेलारिया एकट्याने राहत नाही. फ्रान्समध्ये मों-सां-मिशेलच्या उपसागरात हजारो नळ्या एकमेकींना जोडून त्यांनी वाळूचे अक्षरशः बांध उभे केले आहेत.

कीटोप्टेरसला मात्र दोन वाक्यांत गुंडाळणं अन्याय होईल. चिखलात यू आकाराची, चर्मपत्रासारखी चिवट नळी, दोन्ही टोकं वर. प्राणी इतका मऊ आणि विचित्र की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो तीन वेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून केल्यासारखा वाटतो. अंगाच्या मध्यावरचे तीन पंखे पाणी आत ओढतात. त्यांच्या पुढे पंखांच्या आकाराच्या अवयवांची एक जोडी द्रावाची पिशवी विणते आणि सगळं पाणी त्या पिशवीतून गाळलं जातं. पिशवीचं मागचं टोक एका वाटीत गोळा होत राहतं. गोळा पुरेसा झाला की पिशवी तुटते, गोळा पाठीवरच्या खाचेतून तोंडाकडे रवाना होतो आणि जाळ्यासकट खाल्ला जातो. मग नवी पिशवी. या प्राण्याला अंधारात छेडलं तर तो निळसर उजेड देतो. अपारदर्शक नळीत, चिखलात पुरलेल्या प्राण्याने दिवा कुणासाठी लावायचा, यावर बऱ्याच कल्पना मांडल्या गेल्या आहेत. पटणारी एकही नाही.

नळीकरांच्या वर्गीकरणातला सगळ्यात मोठा तमाशा खोल समुद्रात झाला. १८९९-१९०० मध्ये डच जहाज ‘सिबोगा’ इंडोनेशियाच्या समुद्रात फिरलं. त्याने खोल पाण्यातून आणलेल्या गाळात दोऱ्याइतक्या बारीक नळ्या होत्या. आतल्या प्राण्याला तोंड नव्हतं, आतडं नव्हतं. मोरिस कोलरी यांनी १९१४ साली त्याला सिबोग्लिनम नाव दिलं, त्याच्यासाठी एक कूळ स्थापन केलं आणि नातं कुणाशी हा प्रश्न उघडाच ठेवला. १९३३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ उशाकोव्ह यांनी ओखोत्स्कच्या समुद्रातून असाच एक प्राणी वर्णिला आणि त्याला सॅबेलिड ठरवलं. पुढे या प्राण्यांसाठी पोगोनोफोरा हा स्वतंत्र संघच उभारला गेला. लेनिनग्राडच्या इव्हानोव्ह यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे प्राणी वलयी प्राण्यांपासून कोसो दूर, तारामासे आणि पाठीचा कणा असणाऱ्यांच्या बाजूचे आहेत असं मांडलं. त्यासाठी प्राण्याची पाठ कुठली आणि पोट कुठलं हेच उलटं धरावं लागलं, पण तर्क घट्ट विणलेला होता.

त्या तर्कात एक भोक होतं: प्राण्याचं मागचं टोक. गाळातून नळी ओढताना ते दर वेळी तुटून मागे राहत होतं. १९६४ साली मायकल वेब यांनी ते अखेर पाहिलं. लहानसं, पण वलयांचं, आणि वलयांवर दृढरोम. एवढ्या पुराव्यानंतरही वाद तीस वर्षं चालला, कारण मध्येच रिफ्टिया आला. १९७७ साली ‘ॲल्विन’ पाणबुडी गालापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरली. गेले होते भूशास्त्रज्ञ, उष्ण झरे शोधायला, बरोबर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. त्यांना दिसले माणसाच्या उंचीचे पांढऱ्या नळ्यांतले लालभडक प्राणी. मेरेडिथ जोन्स यांनी त्याला रिफ्टिया पॅकिप्टिला नाव दिलं आणि १९८५ मध्ये त्याच्या गणगोतासाठी आणखी एक नवा संघ काढला. प्रौढ रिफ्टियाला तोंड नाही, आतडं नाही. अंगात भरलेली आहे ती गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंची मऊ पेशी-रास. हे जिवाणू ओळखले ते तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या कोलीन कॅव्हनॉ यांनी, १९८१ साली. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही वाहून जिवाणूंना पुरवतं, आणि ते बदल्यात घरमालकाला पोसतात. पिल्लाला मात्र लहानपणी तोंड आणि आतडं असतं. जिवाणू कातडीतून आत शिरतात आणि मग आतडं नाहीसं होतं.

१९९७ मध्ये मॅक्ह्यू यांनी जनुकांच्या आधाराने हे सगळे वलयी प्राण्यांच्या आतलेच आहेत असं दाखवलं, आणि अखेरीस दोन्ही संघ मोडीत निघून एका कुलावर मिटलं. कुलाचं नाव सिबोग्लिनिडी, कोलरींनी १९१४ साली दिलेलं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं, दोन संघ, ग्रंथांचे गठ्ठे, आणि परत पहिल्या पानावर. २००२ साली कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी उपसागरात देवमाशाच्या सांगाड्यावर सापडलेला, हाडांत मुळं रोवणारा ओसेडॅक्सही याच कुलातला निघाला. त्याचे नर सूक्ष्म असतात आणि मादीच्या नळीतच डझनांनी राहतात.

आता बाकीच्यांचं. १९९७ मध्येच ग्रेग राउझ आणि फाउखाल्ड यांनी शरीराच्या खुणांवरून पॉलिकीटांची नवी मांडणी केली. तीत भटके-बैठे हा भेद नव्हता. मग जनुकांचा ढीग हाती आला आणि २०११ साली टॉर्स्टन स्ट्रक आणि सहकाऱ्यांच्या ‘नेचर’मधल्या लेखात पुन्हा तीच दोन नावं अवतरली: एरंशिया, सेडेंटारिया. कात्रफाज यांची फाळणी ढोबळमानाने खरी ठरली होती. ढोबळमानाने यासाठी, की बैठ्यांच्या घरात गांडुळं आणि जळवा आल्या, आणि ओवेनिया, मॅजेलोना, कीटोप्टेरस हे २०१४ सालच्या पुढच्या कामात दोन्ही शाखांच्या बाहेर, वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याजवळ जाऊन बसले. म्हणजे वलयी प्राण्यांच्या सर्वांत जुन्या फुटव्यांत नळीकर आहेत. त्यावरून आद्य वलयी प्राणीच नळीत राहत होता असं काढायचा मोह होतो. मी तो आवरला आहे. ओवेनियाची नळी आणि कीटोप्टेरसची नळी यांत वस्तूही वेगळी, कारागिरीही वेगळी. दोघांनी स्वतंत्रपणे ती कला मिळवली असेल हे तितकंच शक्य आहे.

भारतीय वाचकाने मात्र एका वेगळ्या गोष्टीने अस्वस्थ व्हावं असं मला वाटतं. आपल्याकडच्या पॉलिकीटांची यादी मुख्यतः ज्या ग्रंथावर उभी आहे तो ‘फॉना ऑफ इंडिया’ मालिकेतला खंड १९५३ साली फोव्हेल यांनी लिहिला. काम अफाट, आजही त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. पण त्या पिढीचा विश्वास होता की सागरी जीव सगळीकडे पसरतात, तेव्हा युरोपातली जाती हिंदी महासागरात सापडली तर आश्चर्य नाही. त्यामुळे आपल्या चिखलातल्या डायोपॅट्राला ‘नेआपोलिटाना’, म्हणजे नेपल्सचा, हे नाव चिकटलं आणि आपल्या किनाऱ्यावरच्या अहवालांत ते वर्षानुवर्षं उतरवलं जात आहे. खडकांवर निळसर पिसारे काढणाऱ्या स्पायरोब्रँकस क्राउसीचं हेच झालं. नाव दक्षिण आफ्रिकेतल्या नमुन्यावरून, नोंदी भारतापासून जपानपर्यंत. २०१९ साली जनुकं तपासल्यावर दिसलं की खरा क्राउसी दक्षिण आफ्रिकेपुरताच आहे. बाकीच्या किनाऱ्यांवरचे वेगळे. ‘जगभर आढळणारी जाती’ असं लिहिलेलं दिसलं की या पुस्तकाच्या वाचकाने शंका घ्यावी, निदान नळीकरांच्या बाबतीत.

जे खरोखर जगभर पसरले आहेत ते जहाजांच्या बुडाला चिकटून. हायड्रॉइडीस एलेगन्स ही त्यातली नामांकित जाती. १८८३ साली सिडनीच्या बंदरातून वर्णिलेली, आता उष्ण समुद्रातल्या बहुतेक बंदरांत. जुन्या भारतीय अहवालांत तिला हायड्रॉइडीस नॉर्वेजिका म्हटलेलं आढळतं. नॉर्वेजिका थंड पाण्यातली. १९७१ साली झिब्रोव्हियस यांनी दोघींतला फरक स्पष्ट केला. तो फरक दिसतो झाकणात. पिसाऱ्यातल्या एका काडीचं रूपांतर होऊन नळी बंद करायचं झाकण बनतं. हायड्रॉइडीसमध्ये ते दोन मजली असतं: खाली दातेरी कडेचं नरसाळं, वर काट्यांचं मंडल. काटे किती, एकसारखे की एखादा मोठा, त्यांच्या कडांना आणखी बारीक काटे फुटले आहेत का, टोकं आत वळलेली की बाहेर, यांवर जाती ठरते. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावायचं साधं भिंग त्यासाठी पुरतं.

मच्छीमार होडी किनाऱ्यावर ओढून तिचं बूड खरवडतात तेव्हा कालवांबरोबर पांढऱ्या नळ्यांचे जे पापुद्रे निघतात त्यांत हे सापडतात. मोठ्या जहाजांना हा थर इंधनात महाग पडतो. त्यावर मारायचा कथिलयुक्त रंग इतका विषारी ठरला की २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अशा थरांवर आणि त्याआधी बसणाऱ्या जिवाणूंच्या पापुद्र्यावर बरंच काम झालेलं आहे. जिवाणूंचं महत्त्व असं की हायड्रॉइडीसचं पिल्लू निर्जंतुक पृष्ठभागावर बसतच नाही. २०१४ मध्ये हवाईतल्या संशोधनातून कळलं की एक विशिष्ट जिवाणू, विषाणूच्या शेपटीच्या घडणीची सूक्ष्म अवजारं जुडग्यांनी तयार करतो आणि ती लागली की पिल्लाचं प्रौढात रूपांतर सुरू होतं. चुन्याचं घर कुठे बांधायचं याचा कौल असा दुसऱ्याच्या हाती आहे.

मचूळ पाण्यातल्या एका जातीची हकिकत इथेच सांगतो, कारण तिच्यात भारताचं नाव आहे. १९२३ साली फोव्हेल यांनी नॉर्मंडीतल्या काँच्या कालव्यातून एक सर्पुलिड वर्णिला. तो तिथे एकाएकी उपटला होता, म्हणून नाव दिलं मर्सिएरेला एनिग्मॅटिका, कोड्यात टाकणारा. दोन वर्षं आधी, १९२१ मध्ये, आयर्लंडच्या रोलँड सदर्न यांनी भारतातल्या मचूळ पाण्यातून आलेल्या नमुन्यांवरून फिकोपोमॅटस ही प्रजाती स्थापन केली होती. १९७८ मध्ये दोन्ही एकच प्रजाती ठरली तेव्हा नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं. आज अर्जेंटिनाच्या मार चिकिता सरोवरात ज्या नळीकरांनी वर्तुळाकार भिंती उभारल्या आहेत, ते सदर्न यांनी आपल्याकडच्या नमुन्यांवरून दिलेल्या प्रजातीच्या नावानेच ओळखले जातात.

या पुस्तकाची मांडणी दुहेरी आहे आणि ती मी मुद्दाम तशी ठेवली आहे. पहिली ओळख-किल्ली नळीवरून आहे, कारण किनाऱ्यावर उभ्या माणसाला आधी नळीच दिसते: चुना की वाळू, एकटी की पुंजक्याने, वरचं तोंड झालरीचं की झाकणाचं. त्या किल्लीने कुलापर्यंत पोहोचता येतं, पुढे नाही. कुलांची प्रकरणं मात्र वंशावळीच्या क्रमाने आहेत. त्यामुळे ओवेनिया सुरुवातीला, सिबोग्लिनिड शेवटाकडे, आणि डायोपॅट्रा नळी न बांधणाऱ्या चुलत्यांच्या शेजारी आढळेल. गांडुळं आणि जळवा यांना वेगळं प्रकरण दिलेलं नाही, फक्त त्यांची जागा दाखवली आहे. जातीपर्यंत नाव तिथेच दिलं आहे जिथे आपल्या किनाऱ्यावरचा नमुना तपासून ते ठरवता येतं. बाकी ठिकाणी प्रजातीवर थांबलो आहे. यादी त्यामुळे तोकडी वाटेल. वाटू दे.

पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडं. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जावं, पाणी वळण्याच्या तासभर आधी. नळी उपटू नये. उथळ थाळीत समुद्राचं पाणी घेऊन नळ्या चिकटलेला सुटा शिंपला त्यात ठेवावा आणि सावली न पाडता बसावं. पिसाऱ्यावर डोळे असतात आणि सावली पडली की तो आत जातो. प्रवाळात राहणारा ‘ख्रिसमस ट्री वर्म’ हा नळीकर पाण्यात राहूनच पाहावा, प्रवाळ तोडणं कायद्याने गुन्हा आहे. अभ्यासासाठी नमुना घ्यायचाच असेल तर तो आधी मॅग्नेशियम क्लोराइडने शिथिल करावा, नाहीतर पिसारा आवळून जातो आणि झाकण दिसत नाही. मग अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मलिन आकार चांगला राखतं, पण त्यातून जनुकं सहजी वाचता येत नाहीत, आणि संग्रहालयांतले पुष्कळ जुने नमुने त्याच कारणाने आज मुके आहेत. बाटलीत नळीचा तुकडाही टाकावा, आणि कागदाची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत ठेवावी: गाव, तारीख, भरती-ओहोटीची पातळी, नळी कशावर होती. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.